ओव्याचे फूल



नागपुरात ओवा दोन रूपांत मिळतो. इतवारीच्या किराण्यात पोत्यातून, दाण्यांच्या रूपात. आणि जवळच गांधीबागेच्या औषधबाजारात बाटलीतून, पांढऱ्या खड्यांच्या रूपात. या खड्यांना आपण ‘ओव्याचे फूल’ म्हणतो. नाव मोठे गोड, पण झाडाच्या फुलाशी त्याचा काही संबंध नाही.

दाण्याच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात. म्हणून तर तो चुरगळला की वास सुटतो. दाणे भरडून त्यांतून वाफ सोडली की वाफेबरोबर तेल निघून येते, आणि वाफ थंड झाली की ते पाण्यावर तरंगते. तेच तेल आणखी थंड केले म्हणजे त्यात खडे धरतात. रसायनशास्त्रात त्याला थायमॉल म्हणतात. 1914 च्या महायुद्धापूर्वी आपला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तिथे त्याचे थायमॉल बने! पुढे ते कृत्रिम रीतीने होऊ लागले आणि ओव्याची ती मिरासदारी संपली.

त्या काळी अंकुशकृमीवर हे मोठे औषध होते. पण रोग्याला ते देताना तेलकट पदार्थ आणि दारू वर्ज्य असे. नाहीतर ते अंगात भिनून विषबाधा व्हायची. इतके ते जहाल.

मी भाषेचा माणूस. तरी एवढा हिशेब मलाही जमतो. 1 किलो ओव्यात तेल 20 ते 40 ग्रॅम, त्यात थायमॉल सुमारे निम्मे. म्हणजे 1 ग्रॅम फूल हे 50 ते 100 ग्रॅम ओव्याच्या तोडीचे झाले. आजीची चिमूट ओव्याची होती. आपण चिमूट तीच ठेवली आणि वस्तू बदलली! पोट दुखते म्हणून लेकराला घरच्या घरी हे फूल चाटवू नका, डॉक्टरांना विचारा.

आता दाण्यांविषयी. तेल काढून घेतलेला ओवा वाळवून चांगल्या मालात मिसळण्याची लबाडी जुनी आहे. दिसायला तो ओवाच असतो. तेव्हा भाव विचारण्याआधी पोत्याच्या तळातली मूठ काढायला सांगा, चार दाणे तळहातावर चोळा आणि वास घ्या. एक दाणा दाताखाली धरा. जीभ चुरचुरली नाही तर दुकानदार काहीही म्हणो, पुढच्या दुकानात जा.