माशी शेडखाली जन्मते



अध्यक्षाने अंड्याचा दर, मका आणि सोयापेंड यांवर बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. त्या तीन विषयांवर सकाळपासून भरपूर बोलून झालंय, आणि जेवणाच्या पंगतीतही तेच चाललं होतं. म्हणून मी माशीवर बोलणार आहे. विषय अध्यक्षपदाला शोभत नाही असं कोणाला वाटलं, तर त्याने पोल्ट्रीशेजारच्या वस्तीत श्रावणात एकदा जेवायला बसावं.

ग्रामसभेत फार्मविरुद्ध अर्ज येतो, तेव्हा वासाच्या आधी माशीचं नाव असतं. आपलं उत्तर ठरलेलं: उकिरडे काय गावात नाहीत? आहेत. पण हिशेब मांडू या. अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर विष्ठा टाकते. दहा हजार पक्ष्यांच्या शेडखाली रोज टनभर ताजा माल पडतो आणि त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं. कोणाच्या परसातला उकिरडा याच्या जवळपासही येत नाही. तेव्हा गावाची तक्रार खरी आहे हे आधी कबूल करू, मग पुढचं बोलता येईल.

घरमाशीची मादी एका वेळी शे-सव्वाशे अंडी घालते, आणि ओल्या जागीच घालते. उन्हाळी-पावसाळी हवेत दिवसाच्या आत अळी बाहेर पडते, आणि अंड्यापासून उडती माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आपल्याला त्रास देते ती उडती माशी, पण अंडी, अळ्या आणि कोष मिळून तिचा मोठा गोतावळा खतात दडलेला असतो. आपण काय करतो? पाठीवर पंप घेऊन भिंतींवर आणि जाळीवर फवारतो. संध्याकाळी झाडलेल्या माश्यांचा ढीग दिसला की मालक खूश, औषधवाला खूश. आठवड्याने पुन्हा तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे आपल्या धंद्याला इतकं लागू पडावं हे पशुवैद्यकांना तरी शोभत नाही.

औषधाने माशी संपली असती तर ती केव्हाच संपली असती. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाबद्दल पॉल म्युलर यांना 1948 साली नोबेल मिळालं. त्याच्या आधीच, 1946-47 मध्ये, स्वीडन आणि इटलीतल्या घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. पिढी दहा दिवसांची असली की औषध पचवायला शिकायला वेळ लागत नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं सर्रास वापरलेल्या डायक्लोरव्हॉसवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, तरी जुन्या बाटल्या अजून कपाटात निघतात. त्या काढून टाका.

आता खाली पिटात उतरू. माझ्या मते शेडची खरी तपासणी तिथेच होते, पण आपल्यापैकी बरेच मालक वरच्या फळीवरून फेरी मारून परत येतात. केजखाली खताचे शंकू उभे राहिलेले असतील, वरचा थर खडखडीत असेल, तर समजा बरं चाललंय. जिथे शंकू बसून राबडी झाली आहे, तिथे काडीने कडेचा थर उकरा. पांढुरक्या अळ्या उजेडापासून पळत आत शिरताना दिसतील. थोडं अलीकडे, कोरड्या कडेला, तपकिरी कोष सापडतील. आता मान वर करा. त्या राबडीच्या बरोबर डोक्यावर बहुतेक वेळा एक गळका निपल असतो. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला चार लिटर पाणी खाली जातं. पाच-पन्नास रुपयांचा निपल बदलायचा आळस आणि हजारोंचं औषध, हा आपला व्यवहार!

ओलीची बाकीची कारणंही ओळखीची आहेत. खाद्यात मीठ जास्त झालं, पोट बिघडलं, उन्हाने पक्षी पाणी जास्त प्यायला लागले, की विष्ठा पातळ होते. पिटाची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली असली तर मृगाच्या पहिल्या पावसातच पाणी आत येतं. नवीन शेड बांधणाऱ्यांनो, जमीन फूटभर उंच घ्या, भोवती चर काढा, आणि वाऱ्याला वाट राहील असं बांधा. खत निम्म्याहून कोरडं झालं की माशीची पैदास ओसरते आणि पाण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आलं की जवळजवळ थांबते. वारा फुकट आहे.

त्याच उकरलेल्या खतात दोन-तीन मिलिमीटरचे चकचकीत काळे भुंगेरे दिसले तर त्यांच्यावर फवारू नका. ते माशीची अंडी आणि कोवळ्या अळ्या खातात. काही बारीक कोळीही तेच काम करतात, आणि डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या माशीच्या कोषात आपली अंडी घालतात. ही फौज तयार व्हायला वेळ लागतो. आपण गिऱ्हाईक आलं की सगळं पिट एका दिवसात खरवडून ट्रॉलीत भरतो, आणि पंधरवड्यात माश्यांचं मोहोळ उठतं. मग म्हणतो, साफ केलं तरी माशी वाढली! वाढणारच, तिचे शत्रू ट्रॉलीत बसून गेले. खत काढायचं तर एक ओळ सोडून एक काढावं, तळाशी चार-सहा इंचांचा कोरडा थर ठेवावा आणि शक्यतो थंडीत काढावं.

खाद्यातून द्यायच्या सायरोमॅझिनबद्दल दोन शब्द. टनाला पाच ग्रॅम सक्रिय घटक, चार-सहा आठवडे, मग बंद. ते विष्ठेतल्या अळीला कात टाकू देत नाही. उडत्या माशीला त्याने काहीच होत नाही. बारा महिने चालू ठेवलंत तर तेही डीडीटीच्या वाटेने जाईल. तशा तक्रारी जगात इतरत्र नोंदल्या गेल्या आहेत.

ज्यांचे गोठे आहेत त्यांनी वासरांच्या खाली भिजलेला काड आणि मुरघासाच्या खड्ड्याची कड आठवड्याला साफ केली तरी चक्र तुटतं. हॉटेल आणि मंगल कार्यालयवाल्यांना एवढंच सांगतो की निळ्या दिव्याचं यंत्र जेवणाच्या टेबलावर किंवा दारासमोर टांगू नका. बाहेरून दिसणारा तो दिवा माशीला आमंत्रण देतो.

मेलेल्या पक्ष्यांचा प्रश्न मात्र घाईत उरकता येणार नाही. नवापूरचा 2006 सालचा बर्ड फ्लू आपण कोणीच विसरलेलो नाही. त्याआधी, 2004 मध्ये, जपानच्या क्योतो भागात बर्ड फ्लू आला तेव्हा बाधित फार्मच्या परिसरात पकडलेल्या निळ्या माश्यांमध्ये एच5एन1 विषाणू आढळला होता. ही माशी मेलेल्या पक्ष्यावर येते. कुंपणापलीकडे ओढ्यात फेकलेली मरतूक रोगाला वाहन पुरवते. खोल खड्डा, चुना आणि माती, त्याच दिवशी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनी नव्या फार्मला लोकवस्तीपासून 500 मीटर अंतर सांगितलं आहे. माशी एक-दोन किलोमीटर सहज जाते. कागदावरचं अंतर पाळलं म्हणून आपण सुटलो, असं कोणी समजू नये.

शिवाय माशी आपल्या ट्रॉलीतूनही गावात पोचते. द्राक्षाच्या छाटणीआधी बागायतदार कोंबडखत नेतात आणि बांधावर उघडं टाकतात. त्यात आपल्या अळ्या असतात, वर पाऊस पडतो आणि बोल बागायतदाराला लागतो. ढीग काळ्या प्लास्टिकने घट्ट झाकला तर आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. खत विकताना ताडपत्रीची अट आपणच घालायला हवी, भाव थोडा कमी मिळाला तरी.

तेव्हा या अधिवेशनाने ठराव करायचाच असेल तर साधा करावा. प्रत्येक शेडमध्ये चार-पाच ठिकाणी कोरी पोस्टकार्डं टांगावीत, दर आठवड्याला बदलावीत आणि त्यांवर पडलेले माशीचे ठिपके मोजून तारखेसह वहीत लिहावेत. एका कार्डावर शंभराच्या वर ठिपके दिसले तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी मालकाने स्वतः पिटात उतरावं, गळके निपल त्याच दिवशी बदलावेत. आणि ती वही ग्रामपंचायतीला मागितल्याशिवाय दाखवावी. पुढच्या अधिवेशनाला येताना सगळ्यांनी आपापली वही सोबत आणा. अध्यक्ष कोणीही असो, पहिलं सत्र त्या वह्यांचं ठेवा.