मोकळा पाय, अडकलेला पाय

2023 सालच्या हिवाळ्यातील एका सकाळी दिल्लीच्या लोदी रस्त्यावर, एका सिग्नलपाशी, मी सायकलीसह आडवा झालो. वेग शून्य होता. तांबडा दिवा पाहून मी रीतसर थांबलो होतो, डावा पाय पेडलमधून सोडवूनही घेतला होता. पण सायकल कलली उजवीकडे, आणि उजवा पाय अडकलेलाच आहे हे मला जमीन निम्मी जवळ आल्यावर आठवले. मागची बस वेळीच थांबली, म्हणून आज आपल्याशी बोलण्याचा योग आला. कोपर खरचटले, त्याहून अधिक खरचटली ती एका मध्यमवयीन सरकारी नोकराची प्रतिष्ठा.

मला जखडून ठेवणाऱ्या त्या वस्तूस ‘क्लिपलेस’ पेडल म्हणतात. नावात क्लिप नाही, आणि पाय तर पक्का अडकलेला! पूर्वी शर्यतीतले सायकलपटू चवडा एका धातूच्या क्लिपेत सरकवून वरून चामडी पट्टा आवळीत. बर्फावर घसरण्याच्या स्कीवर बूट अडकवण्याचे खटके बनविणाऱ्या ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने 1984 मध्ये हा सारा जामानिमा काढून टाकला. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा एक तुकडा बसवायचा. तो पेडलवर दाबला की खटका बसतो, आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. पुढच्याच वर्षी बेर्नार इनो याने ही पेडले वापरून टूर द फ्रान्स जिंकली. जुनी क्लिप गेली म्हणून हे ‘क्लिपलेस’. तिचे नाव मात्र नवशिक्यांना चकविण्यासाठी मागे राहिले.

पण इनोची गरज ती आपली गरज नव्हे. शर्यतीच्या बुटाखालची तीन स्क्रूंची क्लीट मोठी असते आणि तळाबाहेर डोकावते. असे बूट घालून फरशीवर चालणारा मनुष्य खडावा घातलेल्या नवशिक्या बैराग्यासारखा दिसतो, आणि ओल्या फरशीवर तसाच घसरतोही. वाटेत चहाला उतरणाऱ्या, भाजी घेणाऱ्या, जिना चढणाऱ्या माणसाने तिच्या वाटेस जाऊ नये. ‘शिमानो’ने 1990 मध्ये डोंगरवाटांवरील सायकलस्वारांसाठी आणलेली दोन स्क्रूंची लहान धातूची क्लीट आपल्या कामाची; ती तळाच्या खोबणीत दडते, त्यामुळे साध्या बुटासारखे चालता येते. क्लीट कोणतीही घ्या, पेडल तिच्याच जातीचे हवे. दुकानात बूट एका ठिकाणी आणि पेडल दुसऱ्या ठिकाणी पसंत करणाऱ्यांची फसगत येथेच होते.

बूट सायंकाळी घालून पाहावेत, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. बोटांना जागा हवी, टाच मात्र उचलता कामा नये. तळ ताठ असावा, पण चालताना मुळीच वाकू नये इतका नव्हे. क्लीट साधारणपणे चवड्याच्या फुगीर भागाखाली, वाटल्यास किंचित मागे बसवावी. तिचा कोन चुकला तर तक्रार पाऊल करीत नाही, गुडघा करतो. आणि पेडल स्वतः बसविणार असाल तर एक ध्यानात असू द्या: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे विसरून मी एकदा अर्धा तास त्याच्याशी कुस्ती खेळलो आहे.

आता मूळ प्रश्न. हे सारे हवेच का? रोज पाच-सात किलोमीटर जाणाऱ्याला नको, असे माझे मत आहे. पाय वर ओढून वेग दुप्पट होतो ही समजूत भाबडी. साध्या चालीत बहुतेक जोर खाली दाबतानाच लागतो. बारीक खुंट्यांचे रुंद सपाट पेडल आणि ताठ तळाचा बूट, एवढ्यावर उत्तम भागते. लांबच्या फेरीत, खडबडीत रस्त्यावर पाऊल जागचे हलत नाही, हे मात्र खटक्याचे खरे सुख. ते ज्यांना हवे त्यांनी एका बाजूस खटका व दुसऱ्या बाजूस सपाट असे पेडल घ्यावे. खटक्याचा ताण ठरविणारा स्क्रू प्रारंभी अगदी सैल ठेवावा आणि भिंतीचा आधार घेऊन, मग हिरवळीवर, पाय सोडविण्याचा सराव करावा. अडकविणे कुणालाही जमते.

माझी पेडले आता अशीच दुहेरी आहेत. गर्दीत सपाट बाजू, मोकळ्या रस्त्यावर खटका. लोदी रस्त्यावरच्या त्या सिग्नलच्या थोडे अलीकडे एक कडुनिंब आहे. तो दिसला की माझी टाच आपोआप बाहेर वळते, आधी डावी, मग उजवी. दिवा हिरवा असला तरीही.