डाव्या हाताची ढांग

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त भरलेल्या गायनवृंदाच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला संगीतावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां मी आपल्या देवळांतील जुन्या लॅटिन गायनाविषयीं बोलेन, अशी आपणांपैकीं बहुतेकांची अपेक्षा असावी. चाळीस वर्षें मीं या देवळांत पेटी वाजविली, म्हणून ती अपेक्षा वाजवीहि आहे. परंतु आज मी एका निराळ्याच वादनाविषयीं बोलणार आहें. न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागांत वाढलेलें आणि ‘स्ट्राइड पियानो’ या नांवानें ओळखलें जाणारें तें वादन. त्याचा आणि आपल्या देवळाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, या वादनापायीं माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती कळून येण्यासहि हेंच वादन कारण झालें. महोत्सवाचा प्रसंग आभार मानण्याचा, तसाच कबुलीचाहि असतो. म्हणून ती हकीकत आज आपणांपुढें मांडतों.

बऱ्याच वर्षांपूर्वीं आपल्या गायनवृंदांत पेटीवर बसणारा एक मुलगा होता. बोटें हलकीं, कान तीक्ष्ण. एके रविवारीं मिस्सा आटोपल्यावर मी शाळेच्या सभागृहावरून जात असतां आंतून पियानोचा आवाज आला. पाहतों तों हा मुलगा एकटाच बसून कांहीं उड्या मारणारी चाल वाजवीत होता. डावा हात खालून वर झेपावत होता, उजवा हात त्याच्या डोक्यावर नाचत होता. काय वाजवितोस, असें मीं विचारिलें. त्यानें ‘कॅरोलायना शाउट’ असें नांव सांगितलें. मीं पियानोचें झाकण लाविलें आणि म्हणालों, “हें दारूच्या गुत्त्यांतलें संगीत आहे. ज्या बोटांनीं प्रभूची स्तुति वाजवावयाची, तीं बोटें यांत विटाळूं नकोस.” तो “बरें, मास्तर,” एवढेंच म्हणाला आणि गेला. पुढल्या रविवारापासून तो पेटीवर बसला नाहीं. मिस्सेला येई, मागच्या बांकावर बसे. परंतु गायनवृंदांत पुन्हां आला नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं पेटीचें काम तरुणांच्या हातीं सोंपवून मी मोकळा झालों, तेव्हां त्या मुलानें काय वाजविलें होतें तें एकदां हातानें पाहावें, अशी इच्छा मनांत आली. त्या चालीचें छापील स्वरलेखन मीं मिळविलें आणि त्याच जुन्या पियानोसमोर बसलों.

प्रथम हें वादन म्हणजे काय, तें सांगतों. ‘स्ट्राइड’ म्हणजे ढांग. चार मात्रांच्या आवर्तनांत डावा हात पहिल्या व तिसऱ्या मात्रेला पियानोच्या खालच्या भागांत खर्जाचा स्वर वाजवितो. त्याच्या जोडीला कधीं वरचा आठवा, कधीं वरचा दहावा स्वर असतो. दुसऱ्या व चवथ्या मात्रेला तोच हात उडी घेऊन मधल्या सप्तकांत तीनचार स्वरांचा मेळ दाबतो. ही ढांग जलद गतीनें अखंड चालूं असते, आणि तिच्यावर उजवा हात मात्रांच्या मधल्या फटींतून चाल खेळवितो. ढोल, खर्जाचें वाद्य आणि साथीची पेटी या तिघांचें काम एकटा डावा हात करितो. जेम्स पी. जॉन्सन (१८९४–१९५५) हे या पद्धतीचे आद्य आचार्य. त्यांच्या ‘कॅरोलायना शाउट’ची ध्वनिमुद्रिका १९२१ सालीं झाली, त्यापूर्वींच ती पियानो-रोलवर, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या पियानोंत घालावयाच्या भोंकें पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर, उतरली होती. वाजावयास तिला तीन मिनिटेंहि लागत नाहींत. शिकावयास मला चौदा महिने लागले.

कारण उघड आहे. आमच्या हातपेटीवर डाव्या हाताचें काम भाता मारण्याचें. स्वर सारे उजव्या हाताचे. चाळीस वर्षें ज्यानें नुसता वारा घातला, त्या हातास मी आतां ढांगा टाकावयास सांगत होतों. पहिल्या आठवड्यांत दोन्ही हात एकदम चालवावयास गेलों, आणि उजवा पुढें व डावा ठेंचाळत मागें, अशी गत झाली.

मग वाट सांपडली ती तरुणांच्या उपयोगासाठीं सांगतों. पहिले दोन महिने मीं उजवा हात मांडीवरच ठेविला. डाव्या हाताची उडी तुकड्यांनीं शिकावी लागते. खर्जाचा स्वर करंगळीनें दाबावा. तो सोडतांच हात पट्ट्यांच्या अगदीं जवळून, उंच न उचलतां, वर न्यावा. मेळाच्या पट्ट्यांवर बोटें टेकून क्षणभर थांबावें. आणि मगच दाबावें. उडी चपळ असावी, दाब मात्र सावकाश. बोटें पोहोंचण्याआधीं वाजविण्याची घाई केली, कीं स्वर चुकलाच म्हणून समजावें. डोळे हळूहळू पट्ट्यांवरून काढून घ्यावे. काळ्या पट्ट्यांचीं जुळीं आणि तिळीं बोटांना स्पर्शानें ओळखतां येतात. तालयंत्र मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावें, आणि आठवडाभर चूक झाली नाहीं तरच चार ठोके वाढवावे. पायाखालचा पेडल होईतों वापरूं नये. त्याच्या घुमण्यांत चुका लपतात, आणि लपलेली चूक सुधारत नाहीं. दहाव्या स्वरापर्यंतची फांक पुष्कळांच्या हातांत मावत नाहीं, माझ्याहि मावत नाहीं. अशांनीं खालचा स्वर किंचित् आधीं दाबून हात वर वळवावा, अथवा आठव्या स्वरावर समाधान मानावें. हात ताणून दुखणें ओढवून घेऊं नये.

एवढें साधलें तरी ‘कॅरोलायना शाउट’ हातीं येत नाहीं. तिच्या पहिल्याच भागांत जॉन्सन यांनीं डाव्या हाताची नेहमींची ‘खालीं-वर’ चाल मोडली आहे. ‘खालीं-खालीं-वर’ असे तीन-तीन मात्रांचे गट पडतात, आणि आठ मात्रांचा हिशेब तीन, तीन व दोन असा जुळतो. उजवा हात मात्र न अडखळतां आपल्या वाटेनें पुढें जातो. त्या थोड्याशा मापांवर मीं दोन महिने घालविले. एका रात्रीं तीं मापें प्रथमच बिनचूक वाजलीं, आणि आनंद होण्याऐवजीं मला तो मुलगा आठवला. कोणी शिकविणारा नसतां त्यानें हें सारें साधलें होतें. मीं ज्यास उनाडपणा म्हटलें, तें कित्येक महिन्यांचें तप होतें.

पुढें या चालीचा इतिहास वाचला, तेव्हां कळलें कीं पुष्कळांनीं ती अशीच एकट्यानें शिकली आहे. वॉशिंग्टन शहरांत तरुण ड्यूक एलिंग्टन यांनीं तिचा रोल यंत्रांत घालून गति मंद केली, आणि ज्या पट्ट्या आपोआप खालीं जात त्यांच्यावर आपलीं बोटें ठेवून ती आत्मसात केली. फॅट्स वॉलर (१९०४–१९४३) यांचे वडील हार्लेमच्या रस्त्यांवर प्रभूचा उपदेश करीत, आणि लहानगा वॉलर त्यांस पेटीची साथ करी. मुलाचें नाचगाण्याचें वादन वडिलांना मुळींच पसंत नव्हतें. १९२० सालीं आई वारल्यावर तो एका पियानोवादकाच्या घरीं राहूं लागला, तेथील यंत्रपियानोवर याच चालीच्या मागोमाग बोटें फिरवूं लागला, आणि अखेर स्वतः जॉन्सन यांनीं त्याला शिष्य म्हणून पत्करिलें. १९२९ सालीं त्यानें मुद्रित केलेली ‘हँडफुल ऑफ कीज’ ही चाल आज या पद्धतीचा नमुना मानली जाते. त्या उपदेशक पित्याचें मन मला चांगलें कळतें. तो दुष्ट नव्हता, भ्यालेला होता.

आपल्या प्रांताला हें संगीत अगदींच परकें होतें, असेंहि नाहीं. टेडी वेदरफर्ड हे अमेरिकन पियानोवादक १९३०च्या दशकांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवीत असत. १९४५ सालीं कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. त्या काळांत मुंबईच्या जॅझ वाद्यवृंदांत जे गोंयकार वादक नांवारूपास आले, त्यांच्यापैकीं अनेकांनीं स्वरलेखनाचीं पहिलीं अक्षरें देवळाच्या शाळेंतच गिरविलीं होतीं.

आतां ‘शाउट’ या शब्दाविषयीं. हा नाचघरांतील आरडाओरडा असावा, असा माझा समज होता. परंतु अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील कृष्णवर्णी ख्रिस्ती गुलाम वर्तुळांत फिरत, टाळ्या वाजवीत, एकानें म्हणावें आणि इतरांनीं उत्तर द्यावें अशा रीतीनें देवाची स्तुति करीत. त्या उपासनेस ‘रिंग शाउट’ म्हणत. त्या भागांतून पोटासाठीं न्यूयॉर्कला आलेल्या लोकांच्या नाचांना जॉन्सन तरुणपणीं पियानोची साथ करीत, आणि त्या नाचांतील पावलें व हांकेस मिळणारें उत्तर त्यांनीं या चालींत आणिलें. म्हणजे ज्याला मीं गुत्त्यांतलें म्हटलें, त्याच्या मुळाशीं गुलामांची प्रार्थना होती. ती गुत्त्यांत कधीं वाजली नाहीं, असें मी म्हणत नाहीं. हार्लेममध्यें घरभाडें भागविण्यासाठीं शेजाऱ्यांकडून थोडे थोडे पैसे घेऊन घरांतच नाचाचे जलसे होत, त्यांत असल्या चाली रात्र रात्र वाजत, आणि तेथें दारूहि असे. परंतु ते जलसे भाडें भरण्याची ऐपत नसलेल्या गरिबांचे होते, हेंहि मला ठाऊक नव्हतें.

आणखी एकच नांव सांगतों, आणि तें आपल्या ख्रिस्तसभेंतील आहे. मेरी लू विल्यम्स (१९१०–१९८१) या बाईंनीं लहानपणीं आईच्या मांडीवर बसून पेटीवर बोटें टेकविलीं, आणि पुढें १९३० सालीं ‘नाइट लाइफ’ ही स्ट्राइड पद्धतीची एकल ध्वनिमुद्रिका केली. १९५४ सालीं, कीर्ति असतांना, त्यांनीं पॅरिस येथें वादन सोडून दिलें. न्यूयॉर्कला परतल्यावर हार्लेममधील लुर्द मातेच्या मंदिरांत त्या प्रार्थनेंत वेळ घालवीत, आणि व्यसनांत बुडालेल्या वादकांना आपल्या घरीं आसरा देत. १९५७ सालीं त्यांनीं कॅथलिक ख्रिस्तसभेंत प्रवेश केला. ज्या धर्मगुरूंचें मार्गदर्शन त्यांना लाभलें, त्यांनीं त्यांस वादनाकडे परत जाण्याचा आणि तेंच देवास अर्पण करण्याचा सल्ला दिला. १९६२ सालीं मार्टिन द पोरेस यांना संतपद मिळालें, त्याच सुमारास बाईंनीं त्या संताच्या गौरवार्थ स्तोत्र रचिलें. आणि १९७५ सालीं त्यांनीं रचिलेली मिस्सा न्यूयॉर्कच्या संत पॅट्रिक कॅथीड्रलांत गायिली गेली. त्या धर्मगुरूंनीं पियानोचें झाकण उघडावयास सांगितलें. मीं तें लाविलें होतें.

यावरून मिस्सेच्या वेळीं ‘कॅरोलायना शाउट’ वाजवावी, असा अर्थ कोणी काढूं नये. उपासनेचें संगीत उपासनेस शोभणारेंच असावें, हें मला पूर्वींइतकेंच मान्य आहे. परंतु देवळांत काय वाजवावें हा एक प्रश्न, आणि मुलाच्या हातांतील देणगीचें काय करावें हा दुसरा. मीं पहिल्याचें उत्तर दुसऱ्यास दिलें.

गेल्या नाताळांत तो मुलगा गांवीं आला होता. आतां तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे. मीं त्याला सभागृहांत बोलाविलें आणि माझी ‘कॅरोलायना शाउट’ ऐकविली. त्याच तीन-तीन-दोनच्या जागीं माझा डावा हात घसरला. तो हंसला नाहीं. म्हणाला, “मास्तर, तुम्ही हात लवकर उचलतां. खालचा स्वर पुरा वाजूं द्या.” मग तो माझ्या डाव्या बाजूला बसला, डाव्या हाताचा भाग त्यानें वाजविला, उजव्याचा मीं. संपल्यावर मीं त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, “मास्तर, हें वाजविणें मीं कधींच सोडलें नाहीं. सोडली ती पेटी.”

बंधुभगिनींनो, या धर्मग्रामाच्या पंचाहत्तर वर्षांत पुष्कळांनीं डाव्या हाताचें काम केलें आहे. घंटेचा दोर ओढणारे, देऊळ झाडणारे, ज्यांचीं नांवें या स्मरणिकेंत येणार नाहींत असे कित्येक. आपण उजव्या हाताची चाल ऐकतों, आणि तिच्याखालील ढांग विसरतों. त्यांचे आभार मानतांना, माझ्यामुळें जो एक हात या देवळाला मुकला, त्याचीहि आठवण ठेवावी, एवढ्यासाठीं मी हें बोललों.

समितीजवळ माझें एकच मागणें आहे. सभागृहांतील पियानोच्या खर्जाच्या तारा पावसाळी हवेनें गंजल्या आहेत. महोत्सवाच्या निधींतून त्या बदलून घ्याव्या, आणि रविवारच्या मिस्सेनंतर दोन तास तें सभागृह मुलांसाठीं उघडें ठेवावें. किल्ली माझ्याकडे द्यावी. मी दाराशीं बसेन. कोण काय वाजवितो तें विचारणार नाहीं. कोणी हळूहळू, चुकत, पुन्हां पुन्हां तेंच वाजवीत असेल, तर आपणहि त्याला हंसूं नये.

प्रभु येशू ख्रिस्ताची कृपा आणि पवित्र मरियेचें मातृछत्र या धर्मग्रामावर अखंड राहो.