शिक्का माथ्यावर, मोर्तब शेवटी

माहूरगडाच्या पायथ्याशी भरलेल्या संगणक-व्यावसायिकांच्या मेळाव्यात मोडी कागदाची आठवण निघणे साहजिक आहे. ‘शिक्कामोर्तब’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द तिथूनच आला. शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटे आणि पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तब मजकूर संपताच खाली पडे, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसडू नये. कचेरीबाहेरून मेल उघडताना सर्व्हर जे एसएसएल सर्टिफिकेट दाखवतो, त्याच्याकडून हीच दोन कामे अपेक्षित असतात: समोरचा सर्व्हर खरा आहे आणि वाटेत मजकुराला कोणाचा हात लागलेला नाही.

लातूरच्या डाळमिलचा एखादा हिशेबनीस नांदेड स्टेशनवर गाडीची वाट पाहत मोबाइलवर कंपनीचा मेल उघडतो. पडद्यावर लाल इशारा येतो. तो ऑफिसला फोन लावतो, तर तिकडून उत्तर येते, “ते नेहमीचंच आहे हो, पुढे जा दाबा.” सर्टिफिकेटचा खर्च वाचवायला सर्व्हरने ते आपले आपणच लिहून घेतलेले असते. त्यातून बोटाला इशारा डावलायची सवय लागते. मग फुकटच्या वाय-फायवर खरोखर कोणी मध्ये बसलेला असेल, त्या दिवशीही बोट तिथेच पडते आणि पासवर्ड जातो.

हा धोका पत्करण्याचे आता कारणच उरलेले नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा डिसेंबर 2015 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिचे सर्टिफिकेट फुकट मिळते, 90 दिवस चालते आणि आपोआप नवे होते. महागड्या सर्टिफिकेटसाठी कंपनीचे कागद तपासले जातात, एवढाच फरक. कुलूप तितकेच मजबूत. पूर्वी ब्राउझरच्या पट्टीत कंपनीचे नाव हिरव्या अक्षरांत दिसायचे. क्रोम आणि फायरफॉक्सने 2019 मध्ये तेही काढून टाकले.

स्वस्त घेताना घोळ होतो तो नावांचा. एक्सचेंज सर्व्हरला ‘मेल’ आणि ‘ऑटोडिस्कव्हर’ अशी दोन नावे सहसा लागतात. एकाच नावाचे सर्टिफिकेट घेतले तर ब्राउझरमध्ये मेल उघडतो, पण आउटलुक कुरकुरत राहते. अनेक नावांचे एकच सर्टिफिकेट घ्यावे. ऑफिसातले ‘लोकल’ने संपणारे नाव मात्र त्यात घालता येत नाही, तशी सर्टिफिकेटे देणे नोव्हेंबर 2015 पासून बंद आहे.

किंमत किंवा सरकारी नाव म्हणजे विश्वास नव्हे. जुलै 2014 मध्ये एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेच्या प्रमाणन यंत्रणेकडून गुगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे गुगलच्याच लक्षात आले, आणि त्या यंत्रणेची प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. नेदरलँड्समधली डिजिनोटार कंपनी तर 2011 मध्ये अशाच प्रकारात बुडाली. आणि फसव्या साइटलाही सर्टिफिकेट मिळतेच, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवे. शिक्का पत्त्याची खात्री देतो, पत्ता ज्याचा त्या माणसाच्या हेतूची नाही.

पुढची अडचण मुदतीची. 15 मार्च 2026 पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून 47. डायरीत तारीख लिहून भागायचे दिवस संपत आले आहेत. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला गड फुलतो. खोल्यांसाठीचे मेल त्याच दिवसांत येतात. माहूरच्या लॉजवाल्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी घटस्थापनेआधीच नूतनीकरण एकदा स्वतःच्या डोळ्यांदेखत चालवून पाहावे, आणि मग बाहेर पडून, ऑफिसचे वाय-फाय सोडून, मोबाइलवर मेल उघडून बघावा.