कोर्टाच्या पायरीवरून शिवाराकडे



ह्या महोत्सवप्रसंगी आम्ही आपल्याच जिल्ह्यातील एका वकिलाचे स्मरण करीत आहोत. ते आमच्या पंथाचे नव्हते. तथापि त्यांच्या सेवेचे ऋण आम्हांवरही आहे. ते म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख.

२७ डिसेंबर १८९८ रोजी पापळ ह्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन १९२६ साली ते परतले व अमरावतीस वकिली करू लागले. वऱ्हाडात तेव्हा वकिलास मान होता व द्रव्यही होते. कपाशी पिकविणारा कुणबी मात्र सावकाराच्या दाव्यापायी कोर्टाची पायरी चढे आणि हुकूमनामा झाला की शेत गमावून घरी जाई. हे दुःख केवळ युक्तिवादाने टळणारे नाही, हे ह्या वकिलाने ओळखले.

१९२७ साली अस्पृश्य बांधवांसाठी अंबादेवीचे मंदिर खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहात ते पुढे होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या केल्या. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. १९३३ च्या कर्जलवाद कायद्यामागे त्यांची खटपट होती. त्यायोगे धनको व ऋणको ह्यांस समोरासमोर बसवून, देण्याची रक्कम ठरवून हप्ते बांधून देता येऊ लागले.

१९५२ ते १९६२ पर्यंत ते केंद्रात कृषिखात्याचे मंत्री होते. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला व १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरविले. मोठ्या पदावर चढूनही त्यांची दृष्टी उघड्या शिवारावरच राहिली. १० एप्रिल १९६५ रोजी ते निवर्तले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते.

परंतु केवळ नाव देऊन ऋण फिटते काय? आमची मुले शिकली, नोकरीस लागली. ही आनंदाचीच गोष्ट होय. पण शिकलेला मुलगा बापाच्या धुऱ्यावर पाय ठेवण्यास लाजू लागला, तर त्या विद्येचे चीज झाले असे आम्ही कसे म्हणावे? तिवसा परिसरात आजही कर्जाचा कागद न वाचताच अंगठा उमटविणारी माणसे आहेत. आमच्यातील प्रत्येक शिकलेल्याने निदान एका शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन त्याचा कागद त्यास वाचून दाखवावा. एवढे घडले तरी ह्या वकिलाचे स्मरण आम्ही खरोखर केले, असे होईल.