संतूरला मैफलीत आणणारा कलावंत

संतूर हे काश्मीरमधील सुफियाना मौसिकीचे वाद्य. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते रागसंगीताच्या मंचावर जवळजवळ अपरिचित होते. जम्मूत १९३८ साली जन्मलेले पंडित शिवकुमार शर्मा आधी तबला शिकले होते. वडील आणि गुरू उमादत्त शर्मा यांच्या आग्रहामुळे ते संतूरकडे वळले. १९५५ साली मुंबईत त्यांनी संतूर वाजवले, तेव्हा जाणकारांनी एक रास्त आक्षेप घेतला. कलमांच्या, म्हणजे वादनाच्या लाकडी काड्यांच्या, आघातातून उमटणारा स्वर लगेच विरतो; मग त्यावर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) आणि संथ आलाप कसे साधणार?

शर्मांनी या आक्षेपाला वादाने नव्हे, वाद्याने उत्तर दिले. त्यांनी तारांची संख्या आणि स्वररचना बदलली. लाकडी बैठकीवर ठेवायचे संतूर मांडीवर घेतले, त्यामुळे अनावश्यक कंपने आटोक्यात आली. तारेवरून कलम अलगद सरकवून स्वर लांबवण्याचे तंत्रही घडवले. यामागे अनेक वर्षांची मेहनत होती, आणि त्यांचे खरे मोठेपण या चिकाटीतच आहे.

चित्रपटसृष्टीनेही या वेगळ्या नादाला जागा दिली. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये संतूर वाजले. चित्रपटांबाहेर, १९६७ साली बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांच्यासह निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका परदेशातही गाजली. पुढे शर्मा आणि चौरसिया यांच्या ‘शिव-हरी’ या जोडीने ‘सिलसिला’ या चित्रपटाला संगीत दिले. शर्मांचे १० मे २०२२ रोजी मुंबईत निधन झाले; त्यांचे पुत्र राहुल शर्मा हेही संतूरवादक आहेत.