फाट्यावरच्या गाडीचीही राखण हवी

(जिल्हा बैठकीत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



भावाचा, विजेचा, कर्जाचा विषय आजच्या बैठकीत आहेच. त्याआधी थोडा वेळ एका घरच्या विषयाला द्या. बाहेर लिंबाखाली आपल्या गाड्या उभ्या आहेत. किती जणांनी हँडल लॉक केले आहे? किती जणांची किल्ली गाडीलाच लटकते आहे? शंका असेल त्याने आत्ताच उठून पाहून यावे. आम्ही थांबतो.

हसण्यावारी नेऊ नका. दावणीला बैलजोडी होती तेव्हा आपण रात्री उठून एकदा गोठ्याकडे नजर टाकत होतो. आज दुधाचे कॅन, फवारणीचा पंप, खताची पिशवी, शाळेतले पोर आणि दवाखान्यात न्यायची म्हातारी, हे सगळे ओझे मोटारसायकल वाहते. बैलाची राखण करणारे आपण ही गाडी मात्र फाट्यावर सोडून एसटीने खामगावला जातो आणि संध्याकाळी ती तिथेच असेल असे धरून चालतो.

आमच्यातल्याच एका भावाची गाडी बाजाराच्या दिवशी गेली. त्याने काय केले? तीन दिवस पाहुण्यारावळ्यांकडे शोध घेतला. चौथ्या दिवशी फिर्याद दिली. मग विम्याचा कागद काढला, तेव्हा कळले की त्या कागदात चोरीची भरपाईच नाही. गाडी गेली, हप्ते मात्र राहिले. चूक त्याची एकट्याची नाही. हे आपल्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. देऊळगाव राजा सोडले की जालना, मलकापूरच्या पुढे जळगाव जिल्हा, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या वर सातपुडा, त्यापलीकडे मध्य प्रदेश. आपल्याला चोरी कळेपर्यंत गाडी हद्द ओलांडून गेलेली असते. म्हणून खरी राखण चोरीच्या आधीची.

चोराला दोन गोष्टी लागतात : आडोसा आणि थोडा वेळ. दोन्ही देऊ नका. हँडल लॉक नेहमी करा, पण त्यावर विसंबू नका, कारण ते जोर लावून तोडता येते. चाकातून साखळी घालून ती खांबाला किंवा झाडाला बांधा. साखळी दिसली की चोर शेजारची गाडी बघतो. जुन्या गाडीची किल्ली झिजलेली असेल आणि दुसऱ्याच किल्लीने ती चालू होत असेल, तर कुलूप बदलून घ्या. मिस्त्रीकडून सीटखाली एक चोरबटण बसवून घ्या. ते बंद असले की किल्ली फिरवूनही गाडी चालू होत नाही. शेतात गाडी रस्त्याच्या कडेला नको, नजरेच्या टप्प्यात लावा. शहरात स्टँडवर पैसे देऊन लावा आणि चिठ्ठी जपून ठेवा. दुसरी किल्ली घरात ठेवा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर वहीत लिहून ठेवा.

आता विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. आपण समजतो, पाच वर्षांची काळजी मिटली. पण हा विमा आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर कामाला येतो. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून छदामही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो आणि तो बहुधा पहिल्या वर्षापुरताच काढलेला असतो. घरी गेल्यावर कागद काढा आणि दोन्ही तारखा पाहा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. गाडीची किंमत काय लिहिली आहे तेही बघा, कारण चोरीची भरपाई त्या आकड्यावर ठरते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला त्यात ४० टक्के घट धरतात.

आणि गाडी गेलीच तर? शोधायला माणसे पाठवा, पण स्वतः ठाण्यात जा. ११२ वर फोन करा. फिर्याद त्याच दिवशी द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, फिर्याद घ्यावी लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा. ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

विमा कंपनीला आणि आरटीओला लगेच लेखी कळवा, पोच घ्या. चोरीला गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या दाव्यात फिर्याद लगेच दिलेली होती, कंपनीला कळवायला मात्र ५२ दिवस लागले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले की केवळ या उशिरावरून खरा दावा नाकारता येणार नाही. याचा अर्थ उशीर करा असा नाही. फिर्याद आधी, हा त्याचा अर्थ. तपास लागला नाही तर पोलिसांच्या ‘अ’ समरीचा कागद मिळवा. दाव्यासाठी तो लागतो, दोन्ही किल्ल्याही लागतात.

शेवटचे बोलणे थोडे कडू आहे. चोरलेली गाडी घेणारा कोणीतरी असतो, म्हणून ती चोरली जाते. निम्म्या किमतीत, कागदाविना मिळालेली गाडी म्हणजे कुण्या तरी शेतकऱ्याच्या दारातून उचललेली गाडी. स्वस्त म्हणून ती घेणारा आपल्यातलाच असेल, तर आपण कोणत्या तोंडाने चोराला शिव्या द्यायच्या? चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे. एमएच २८ असो की परजिल्ह्यातली, नोंदणी पुस्तकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवल्याशिवाय पैसे मोजू नका.

गावोगावच्या शाखांनी एक काम करावे. फाट्यावर दोन खांब रोवून त्यांना एक लोखंडी पाइप पक्का करा, म्हणजे साखळी बांधायला जागा होईल. चहावाल्याला नजर ठेवायला सांगा, त्याला महिन्याला सगळ्यांनी मिळून काही द्या. खर्च वर्गणीतून निघेल. पुढच्या बैठकीत आम्ही विचारू : किती फाट्यांवर पाइप लागला आणि किती घरांत विम्याचा कागद वाचून झाला?